मित्र, मिहिर, मेहेर

‘मित्र’ आणि ‘मेहेरबान’ हे दोन्ही शब्द मराठी माणूस रोज वापरतो, पण एकाच माणसासाठी सहसा वापरत नाही. मित्राचे उपकार मोजायचे नसतात, मेहेरबानाचे विसरायचे नसतात. ‘मित्र म्हणून कर, मेहेरबानी म्हणून नको’ असे म्हणताना आपण दोन टोके दाखवत असतो. एक शब्द संस्कृतातला, दुसरा फारसीतला. एक घरोब्याचा, दुसरा दरबारी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच नावापासून निघाले आहेत. वेदातला मित्र, अवेस्तातला मिथ्र, पहलवीतला मिह्र आणि आजच्या फारसीतला मेह्र हे एकच नाव आहे, उच्चार तेवढा काळाप्रमाणे झिजत गेला. त्या मेह्रला ‘बान’ हा प्रत्यय लागला आणि मेहेरबान तयार झाला.

या नावावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे मला दोन कारणांनी पटत नाही. पहिले कारण म्हणजे ‘नाव एक, म्हणून देव एक’ हा सोपा न्याय. या न्यायाने वैदिक ऋषी, इराणी राजे आणि रोमन शिपाई एकाच देवळात बसवता येतात. दुसरे कारण म्हणजे व्युत्पत्तीला दिलेला अवाजवी मान. सर्वांत जुना अर्थ तोच खरा आणि नंतरचे सगळे अर्थ म्हणजे ऱ्हास, असे गृहीत धरून लिहिणारे विद्वान आपल्याकडेही कमी नाहीत. मला वाटते, हे नाव जिथे जिथे गेले तिथे त्याने दोन पक्षांमधले नाते सांगितले; मात्र ते दोन पक्ष एकमेकांसमोर कसे उभे आहेत, हे प्रत्येक ठिकाणी बदलले. तो बदल पाहणे ‘मूळ अर्थ’ शोधण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

उपलब्ध पुराव्यात हे नाव पहिल्यांदा दिसते ते भारतातही नाही आणि इराणातही नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे विसाव्या शतकाच्या आरंभी हित्ती राज्याचे दफ्तर सापडले. त्यात इ.स.पू. चौदाव्या शतकातला एक तह आहे, हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि मितान्नीचा शत्तिवाझ यांच्यामधला. अक्कादी भाषेत आणि कीलाक्षरात लिहिलेल्या या तहाला साक्षी म्हणून देवांची लांबलचक यादी जोडली आहे आणि त्या यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. म्हणजे हा देव आपल्याला प्रथम भेटतो तो कुणाच्या पूजेत किंवा स्तोत्रात नाही. दोन राजांच्या करारनाम्यावर साक्षीदार म्हणून तो उभा आहे.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०७ मध्ये ‘मित्र म्हणजे करार’ असा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे असे की मित्र ही सूर्यासारखी नैसर्गिक शक्ती नव्हे. करारालाच देवत्व आले आहे. शब्दाची घडणही त्यांना अनुकूल होती. पात्र, वस्त्र, शस्त्र, मंत्र यांतला ‘त्र’ साधन दाखवतो. मननाचे साधन तो मंत्र, तसे देवघेवीचे, बांधून घेण्याचे साधन ते मित्र. यास्काने निरुक्तात याच नावाची फोड ‘मरणापासून तारणारा’ अशा अर्थाने केली आहे. भाषाशास्त्र ती मानणार नाही, पण यास्काच्या काळी या नावात काय ऐकू येत होते ते तिच्यावरून कळते, आणि माझ्या दृष्टीने तेही कमी नाही.

ऋग्वेदात मित्र जवळजवळ नेहमी वरुणाबरोबर येतो. त्याचे एकट्याचे सूक्त एकच, तिसऱ्या मंडळातले एकोणसाठावे. तिथे तो बोलून लोकांना आपापल्या जागी लावतो. ‘यातयज्जन’ हे त्याचे विशेषण. माणसांची नीट मांडणी करणारा, असा त्याचा आशय. हे मंडळ विश्वामित्राचे. आणि विश्वामित्र या नावाची संधी फोडताना शाळेत सगळेच अडखळतात: विश्व अधिक अमित्र, म्हणजे जगाचा शत्रू? तसे होऊ नये म्हणून पाणिनीने खास सूत्र केले की ऋषीचे नाव असेल तर ‘मित्र’च्या आधीचा स्वर दीर्घ होतो. एका नावाच्या अब्रूसाठी व्याकरणाला वाकावे लागल्याचे हे छान उदाहरण आहे.

मेये यांच्या सिद्धांताला डच पंडित यान गोंडा यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात विरोध केला. वैदिक मित्र हा कराराचा नाही, सौहार्दाचा देव आहे, असा त्यांचा आग्रह. हा वाद अजून मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर तैत्तिरीय संहितेतली एक छोटी कथा या वादाबद्दल दोघांपेक्षा जास्त सांगते. देव मित्राला म्हणतात, आपण सोमराजाला मारू. तो म्हणतो, मी नाही, मी सर्वांचा मित्र आहे. देव हट्ट धरतात. तेव्हा तो वर मागतो की माझ्यासाठी सोमात दूध मिसळावे, आणि तयार होतो. मग त्याची गुरे त्याला सोडून जातात. कारण मित्र असून त्याने क्रूर कर्म केले. इथे मैत्री आहे, सौदाही आहे, आणि सौद्यापायी मैत्री मोडल्याची शिक्षाही आहे. ज्याने ही कथा सांगितली त्याला करार आणि सौहार्द यांच्यात निवड करण्याची गरज वाटली नव्हती. ती आपल्याला वाटते, कारण आपल्याकडे कराराला स्टँपपेपर आहे आणि मैत्रीला नाही.

इराणकडे वळल्यावर चित्र स्पष्ट होते आणि थोडे कठोरही. जरथुश्त्राच्या स्वतःच्या गाथांमध्ये मिथ्र नावाचा देव नाही. पण नंतरच्या अवेस्तात त्याच्यासाठी मेहेर यश्त हे मोठे स्तोत्र आहे, १४५ कडव्यांचे. त्याला हजार कान आणि दहा हजार डोळे आहेत; शब्द मोडणारा त्याच्यापासून लपू शकत नाही. आणि दिलेला शब्द सज्जनाला दिलेला असो की दुर्जनाला, तो पाळायचाच, असे हे स्तोत्र सुरुवातीलाच बजावते. ही अट साधी नाही. आपल्या पक्षातल्या माणसाशी प्रामाणिक राहायला देव लागत नाही. विरोधकाला दिलेला शब्द पाळायला लागतो.

याच स्तोत्रात पुढे करारांची प्रतवारी आहे, आकड्यांत. मित्रांमधला करार वीसपट, नवराबायकोमधला पन्नासपट, बापलेकांमधला शंभरपट, दोन देशांमधला हजारपट आणि धर्माशी केलेला दहा हजारपट. संस्कृतात ज्या शब्दाचा अर्थच मित्र झाला, त्याच शब्दाच्या इराणी हिशेबात मित्रांचा क्रमांक शेवटचा लागतो! ही थट्टा मेये किंवा गोंडा यांपैकी कुणी केलेली नाही, शब्दानेच केली आहे. तिच्यामागे कारण आहे. संस्कृतात नाव माणसावर जाऊन बसले: ज्याच्याशी बांधलेले आहोत तो मित्र. अवेस्तात ते बंधनावरच राहिले: जे बांधते ते मिथ्र.

अवेस्तात करार मोडणाऱ्याला ‘मिथ्रद्रुज’ म्हणतात. संस्कृतात त्याच्या अगदी शेजारचा समास आहे, ‘मित्रद्रुह्’, आणि मराठीत आपण मित्रद्रोही म्हणतो. दोन्ही समास एकाच साच्यातून निघालेले. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ज्या पातकाचे नाव घेतो तेही मित्रद्रोहच. आपण ते वाचताना ‘मित्रांशी दगाफटका’ असे वाचतो, आणि समोर उभे आहेत ते गुरू, आजोबा, भाऊ, सासरे. त्यांना मराठी अर्थाने मित्र कसे म्हणायचे? बांधलेपणाचा जुना अर्थ गीताकाराच्या मनात होता असा दावा मी करणार नाही. पण तो अर्थ माहीत असलेल्या वाचकाला तिथे ठेच कमी लागते.

आता सूर्य. मेहेर यश्तात मिथ्र सूर्य नाही. तो सूर्याच्या आधी हरा पर्वतावर पोचतो आणि तिथून सगळी आर्यभूमी न्याहाळतो. म्हणजे पहाटेचा पहिला उजेड, किंवा पाहणारा डोळा. पण साक्षीदार आणि सूर्य यांच्यात अंतर किती राहणार? सगळे पाहतो तो सूर्यच. इ.स.च्या आरंभी स्ट्राबो लिहून जातो की पारशिक लोक सूर्याला मिथ्र म्हणतात. कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक लिपीत ‘मिइरो’ हे नाव आणि डोक्यामागे किरणांचे वलय असलेला देव आहे. तिथून हे नाव भारतात दुसऱ्यांदा आले, ‘मिहिर’ होऊन. घरात जन्मलेला मुलगा परदेशी जाऊन दुसऱ्या नावाने परत यावा आणि घरच्यांनी त्याला पाहुणा म्हणून बसवावे, तसे झाले. संस्कृत कोशांत मित्र हाही सूर्य आणि मिहिर हाही सूर्य, शेजारी शेजारी. दोन्ही एकच आहेत याची नोंद कोशकाराने केली नाही.

या दुसऱ्या आगमनाचा माग मराठी वाचकाला परका नसावा, कारण तो रा. गो. भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या धर्मपंथांवरील इंग्रजी ग्रंथात काढला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्यमूर्तीची स्थापना मग ब्राह्मणांनी करावी असे सांगितले आहे. मूर्तीचा वेष उत्तरेकडचा, पाय झाकलेले, कमरेला ‘अव्यंग’ नावाची मेखला. भविष्य पुराणात सांबाची कथा येते. कृष्णाच्या या मुलाला कुष्ठ झाले, तो सूर्याच्या उपासनेने बरा झाला, चंद्रभागेच्या काठी त्याने सूर्यमंदिर बांधले आणि पूजेला शाकद्वीपातून मग आणले. मग म्हणजे इराणी मागी पुरोहित, मिहिर म्हणजे इराणी मिह्र आणि अव्यंग म्हणजे पारशी कुस्तीचे जुने रूप, ही भांडारकरांची जुळवणी आजही टिकून आहे. त्यांची शिस्त मला आवडते. नुसत्या नावावर ते थांबत नाहीत. पुरोहित, वेष, मेखला आणि कथा असे चार धागे जुळल्यावरच नावाला मान देतात. (ती चंद्रभागा अर्थात पंढरपूरची नव्हे. ती चिनाब, आणि ते मंदिर मुलतानचे. नावांच्या बाबतीत नद्याही देवांसारख्याच वागतात.)

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्यांचा प्रसार केला त्या सूर्यनमस्कारांत बारा नावे घेतात आणि पहिलेच नाव मित्र आहे. महाराष्ट्रातल्या शाळांच्या पटांगणांवर किती पिढ्यांनी ‘मित्राय नमः’ म्हटले असेल! म्हणताना सूर्याला मित्र म्हटल्याचे कौतुकही कुणाला वाटले असेल. विशेषण वाटते, पण ते नाव आहे.

रोमबद्दल थोडक्यात. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या शेवटापासून रोमन साम्राज्यात मिथ्रासचा गुप्त पंथ पसरला: तळघरासारखी देवळे, फक्त पुरुष सभासद, दीक्षेच्या सात पायऱ्या, आणि देव्हाऱ्यात बैलाला मारणारा देव. फ्रांझ क्युमाँ या बेल्जियन पंडिताने हा पंथ म्हणजे इराणी धर्माचे रोमन रूप असे ठरवले आणि सुमारे सत्तर वर्षे तेच चालले. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या परिषदेत त्याला खिंडार पडले. अडचण उघड होती. मिथ्र बैल मारतो असे इराणी ग्रंथांत कुठेच नाही. पहलवी बुंदहिश्नमध्ये आद्य बैलाचा जीव घेतो तो अह्रिमन. नाव, टोपी आणि काही शब्द इराणी. बाकीचे घर बहुतेक रोमन. २५ डिसेंबर हा मिथ्रासचा जन्मदिवस होता आणि ख्रिस्ती लोकांनी तो उचलला, असे दर नाताळात सांगितले जाते. इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगात त्या तारखेला ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्याचा, जन्म नोंदला आहे, मिथ्रासचे नाव तिथे नाही. मात्र एक गोष्ट मनात राहते. या पंथाचे सभासद एकमेकांना ‘उजव्या हाताने जोडलेले’ म्हणत. त्याच्या आधी इ.स.पू. पहिल्या शतकात तुर्कस्तानातल्या नेमरूत डोंगरावर कोमागेनेच्या अंतिओखस राजाने एक शिल्प कोरवले. त्यात राजा आणि किरणांची टोपी घातलेला मिथ्र एकमेकांचा हात हातात घेऊन समोरासमोर उभे आहेत. देवाशी हस्तांदोलन! वाकणे नाही, पाया पडणे नाही. राजाची मिजास त्यात आहेच, पण करारात दोन्ही पक्ष उभे असतात, ही जुनी आठवणही आहे.

हेरोडोटसने या नावाबाबत एक गंमत करून ठेवली आहे. पारशिक लोक अफ्रोदितीला मित्र म्हणतात, असे तो लिहितो. देवी अनाहिता आणि देव मिथ्र यांची त्याने अदलाबदल केली, असे सगळे अभ्यासक मानतात. आज मात्र इराणात ‘मित्रा’ हे मुलीचेच नाव आहे. बंगालमध्ये तेच कायस्थांचे आडनाव, आपल्याकडे दशरथाच्या राणीच्या नावात ते बसलेले, आणि पुष्यमित्र-अग्निमित्र या शुंग राजांच्या नावांतही. कालिदासाने अग्निमित्राला विदर्भाची मालविका दिली, एवढाच आपला त्या घराण्याशी संबंध.

बौद्ध परंपरेने नावातून देव वजा केला आणि भाव ठेवला. मित्रापासून मैत्र, मैत्रापासून मैत्रेय. पालीत मेत्ता आणि मेत्तेय. मैत्रेय हा पुढे येणारा बुद्ध. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या दारावर सात मानुषी बुद्धांच्या रांगेत आठवा तो आहे. काही अभ्यासक त्याच्यात इराणी मिथ्र पाहतात, कुशाण काळात दोघे शेजारी होते म्हणून. मला हा दुवा कच्चा वाटतो. इथे भांडारकरांचे चार धागे नाहीत, एकच आहे. चीनमध्ये त्याच्या नावाचे भाषांतर ‘करुणावान’ अशा अर्थाने झाले आणि दहाव्या शतकातला बुदाई हा ढेरपोट्या, हसरा, पोतडीवाला भिक्षू त्याचा अवतार मानला गेला. आपल्या दुकानांच्या गल्ल्यावर ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून बसलेला तो हाच. मितान्नीच्या तहावरचा साक्षीदार रोखीच्या व्यवहारावर पुन्हा लक्ष ठेवून आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मघाशी ज्या न्यायाला मी नावे ठेवली तोच न्याय होईल.

मैत्री या शब्दाचे सर्वांत गंभीर आधुनिक वाचन मात्र महाराष्ट्रातल्या माणसाने केले आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये फ्रेंच क्रांतीच्या बंधुतेचा विचार करताना म्हटले की त्यासाठी नेमका शब्द बुद्धाचा, मैत्री. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये ते करुणेच्या पुढे मैत्रीला ठेवतात. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व जिवांसाठी. ज्यांनी देशाचा सर्वांत मोठा करारनामा घडवला, ते सांगत होते की स्वातंत्र्य आणि समता नुसत्या कायद्याने टिकत नाहीत. माणसांमध्ये तो भाव लागतो. करार आणि मैत्री या शब्दाच्या पोटातल्या दोन अर्थांमध्ये हा खरा संवाद आहे, आणि तो मेये-गोंडा वादापेक्षा मला मोठा वाटतो. बंधुतेला एक अडचण आहे. भाऊ व्हायला एक घर लागते, आणि ते घर कोणाचे हा प्रश्न आपल्याकडे जातीपाशी जाऊन थांबतो. मैत्रीला घर लागत नाही.

आता मेहेर. फारसीत मेह्र म्हणजे सूर्य, मेह्र म्हणजे सौर वर्षाचा सातवा महिना आणि मेह्र म्हणजे माया. आईची माया, प्रियकराची माया. पारशी पंचांगात सातवा महिना मेहेर आणि सोळावा रोज मेहेर. दोन्ही जुळले की मेहेरगान. अग्यारीला पारशी ‘दर-ए-मेहेर’ म्हणतात, मेहेरचा दरवाजा. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेले मेरवान शेरियार इराणी हे पुढे मेहेर बाबा झाले. जरथोस्ती घर, पुण्याची मुस्लिम फकीर हजरत बाबाजान आणि साकोरीचे उपासनी महाराज अशा तिघांचा त्यांच्यावर हात होता. त्यांच्या नावाचा अर्थ भक्त ‘दयाळू पिता’ असा सांगतात. अहमदनगरजवळच्या (आता अहिल्यानगर) मेहेराबादला त्यांची समाधी आहे. पंजाबीत तर मेहर म्हणजे थेट ईश्वराची कृपा. गुरू ग्रंथसाहेबात हा शब्द वारंवार येतो.

दया, कृपा, पिता. दिशा लक्षात आली असेल. माया दोन्हीकडून वाहू शकते, कृपा फक्त वरून खाली येते. मराठीत मेहेरबान आला तो असा, उतरणीवरून. मेहेरनजर झाली तर काम होते. ‘मेहेरबानी कर आणि गप्प बस’ हा त्याचा बोलीतला उलटा वापर. कंपनी सरकारच्या काळातल्या मराठी कागदांत साहेबांच्या नावाआधी ‘मेहेरबान’ लागते. तेच आज कोर्टाच्या अर्जात आखडून ‘मे.’ झाले आहे: ‘मे. दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे न्यायालयात’. दुकानाच्या पाटीवरचे ‘मे.’ निराळे, ते मेसर्स. कोर्टाच्या ‘मे.’ मध्ये मितान्नीपासून चालत आलेला साक्षीदार बसला आहे. अर्जदार करार मोडल्याची तक्रार घेऊन आलेला असतो, हक्क मागायला आलेला असतो. पण मायना त्याला कृपा मागायला लावतो. व्युत्पत्ती इथे कुणाला न्याय मिळवून देणार नाही. तरी या ‘मे.’ च्या जागी काही कागदांत ‘मा.’ दिसते, ते मला बरे वाटते. माननीय माणसाकडून निदान हक्क तरी मागता येतो.

राहिले सारख्या आवाजाचे शब्द. माहेरचा मेहेरशी संबंध जोडण्याचा मोह भावुक लेखकांना होतो. माहेर हे मातृगृहापासून प्राकृतातून आलेले आहे, त्यात इराण नाही. मुस्लिम विवाहातली मेहेर अरबी ‘मह्र’ आहे. तिचे कूळ सेमिटिक, हिब्रूतला ‘मोहर’ हा तिचा भाऊ. मेह्रशी तिचे काही नाते नाही. मराठी लिपीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात आणि पुष्कळ मराठी वाचक तिला नवऱ्याने बायकोला मायेने दिलेली भेट समजतात. ती भेट नाही. निकाह हा करार आहे आणि मेहेर हे त्या करारातले देणे. काही भाग मागताक्षणी देय असतो, काही पुढे. चुकता झाला नाही तर तो नवऱ्यावर कर्ज म्हणून राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेतून वसूल करता येतो. निकाहनाम्यात त्यासाठी वेगळा रकाना असतो आणि त्यात आकडा लिहावा लागतो.